एक नौका, दोन घड्याळे
हौशी आणि तांत्रिक पाणबुड्यांच्या सहप्रवासाविषयी

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे शिखर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि भोसल्यांचा राजवाडा उभा राहतो. समुद्र सहसा उभा राहत नाही. वास्तविक या जिल्ह्याला पाल्कच्या उपसागराचा किनारा लाभला आहे. शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, अगदी लाटांच्या शेजारी, दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेला आठमजली षट्कोनी मनोरा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ तो १८१४-१५ च्या सुमारास उभारला गेला.

मनोऱ्यासमोरचा हा समुद्र मात्र उथळ आहे. बहुतेक ठिकाणी त्याची खोली पंधरा मीटरच्या आतच भरते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारी ‘समुद्रगाय’, म्हणजेच ड्युगाँग, येथे आढळते. तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. अशा प्रकारचे हे देशातील पहिलेच क्षेत्र होय. ज्याला खोल पाण्यात बुडी मारायची आहे, त्याने मात्र येथून चार तासांच्या अंतरावरील पुदुच्चेरी गाठावे.

आम्ही शाखेतील चार सहकारी एका दुसऱ्या शनिवारी असेच पुदुच्चेरीला गेलो होतो. चौघांकडेही प्राथमिक प्रमाणपत्र होते. माझे प्रशिक्षण तारकर्लीला झाले होते. नौकेवर आमच्याखेरीज आणखी तीन हौशी पाणबुडे होते आणि एका कोपऱ्यात दोन गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्या दोघांजवळ प्रत्येकी चार सिलिंडर पाहून आमच्यापैकी एकाने हळूच विचारले, “हे तिथे मुक्कामालाच चाललेत की काय?”

मुक्कामाच्या जागी पोहोचताच आम्ही उत्साहाच्या भरात आधी पाण्यात उतरलो. ते दोघे अवजड साहित्य चढवून, सर्व तपासणी करून सावकाश उतरले. पाऊण तासाने आम्ही सातही जण नौकेवर परतलो, तेव्हा ते खालीच होते. अर्धा तास गेला. लाटा वाढल्या आणि आमच्या एका सहकाऱ्याला उलट्या सुरू झाल्या. पाण्यावर नारिंगी बोया दिसत होता, म्हणजे माणसे त्याखालीच होती. पण वर येण्याचे नाव घेत नव्हती. अखेर कोणीतरी तांडेलाला म्हणाले, “यांना किनाऱ्यावर सोडून या, तोवर ते दोघे येतीलच वर.” तांडेलाने मान हलवून नकार दिला. त्या क्षणी त्याचा नकार आम्हा सर्वांना निष्ठुर वाटला. तो का योग्य होता आणि मुळात ती वेळ कशी टाळता आली असती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

जुन्या पाणबुड्यांची नौका

पाणबुड्यांनी नौका वाटून घेणे या किनाऱ्याला नवे नाही. पाल्कच्या दक्षिणेस, मन्नारच्या आखातात, शतकानुशतके मोत्यांचे शिंपले काढले जात. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्यावर नौका निघत, उजाडताना शिंपल्यांच्या थरावर पोहोचत आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने परतत. एका नौकेवर साधारणतः दहा पाणबुडे असत. पाच जण खाली जात, पाच विसावा घेत. दोराला बांधलेल्या दगडावर पाय ठेवून पाणबुड्या तळाशी जाई, मिनिटभरात हाती लागतील तितके शिंपले जाळीत भरी, आणि वरचा जोडीदार दोर ओढून घेई. कोकणात नौकेच्या प्रमुखाला आपण ज्या शब्दाने ओळखतो, तो ‘तांडेल’ त्या नौकांवरही असे.

त्या नौकेवरची वाटणी सोपी होती, कारण सर्वांची बुडी सारखीच होती. प्रत्येक जण एका दमाचा धनी. छातीत भरलेल्या श्वासावर तो खाली जाई आणि श्वास संपला की वर येई. सर्वांचे घड्याळ एकच.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास पुरवणारे ‘ॲक्वालंग’ हे उपकरण तयार केले आणि माणूस पाण्याखाली तासभर राहू लागला. हे स्वातंत्र्य मिळाले खरे. पण त्याबरोबर एक हिशेबही आला.

नायट्रोजनचे कर्ज

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट आणि चाळीस मीटरवर पाचपट होतो. सिलिंडरमधील हवा त्याच दाबाने फुप्फुसांत येते. हवेचा सुमारे ७९ टक्के भाग असलेला नायट्रोजन शरीर वापरत नाही. तो रक्तात आणि ऊतींत विरघळून साठत जातो. जितके खोल आणि जितका अधिक वेळ, तितका साठा मोठा.

तंजावूर-कुंभकोणम परिसरात गोळीच्या बाटलीतील पन्नीर सोडा लोकप्रिय आहे. बाटली बंद असेपर्यंत आत वायू आहे याची खूणही दिसत नाही. गोळी एकदम दाबली की फेस उसळून हातावर येतो. हलक्या हाताने थोडी थोडी दाबली, तर वायू निमूटपणे निघून जातो. खोलातून एकदम वर येणाऱ्या माणसाच्या शरीरात त्या फेसासारखेच बुडबुडे धरतात. त्यांतून सांधेदुखीपासून अर्धांगवायू आणि मृत्यूपर्यंत काहीही ओढवू शकते. या विकाराला ‘डीकम्प्रेशन सिकनेस’ किंवा बोलीभाषेत ‘बेंड्स’ म्हणतात. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे शास्त्रीय तक्ते ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर नायट्रोजन हे कर्ज आहे. रक्कम लहान असेल, तर वर येतायेताच ती फिटते. रक्कम मोठी असेल, तर ठरलेल्या खोलीवर, ठरलेली मिनिटे थांबून हप्त्याहप्त्याने फेडावी लागते. या कर्जाला एकरकमी तडजोडीची सोय नाही, आणि थकबाकी वसूल होते ती शरीरातून.

हौशी कोण, तांत्रिक कोण?

हौशी किंवा मनोरंजनात्मक बुडीची मर्यादा साधारणतः अशी आखलेली असते : प्राथमिक प्रमाणपत्रधारकाला १८ मीटर, पुढील प्रशिक्षण घेतलेल्याला ३० मीटर आणि जास्तीत जास्त ४० मीटर. खाली किती वेळ राहायचे, तेही ठरलेले असते. एका प्रचलित तक्त्यानुसार हवेवर १८ मीटरला ५६ मिनिटे, तर ३० मीटरला केवळ २० मिनिटे मिळतात. या मर्यादेत राहणारा पाणबुड्या गरज पडल्यास सावकाश, पण थेट पृष्ठभागावर येऊ शकतो. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा तो घेतो, परंतु ती अधिकची सावधगिरी असते.

तांत्रिक पाणबुड्या ही मर्यादा जाणूनबुजून ओलांडतो. तो अधिक खोल जातो, किंवा त्याच खोलीवर अधिक वेळ राहतो, किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत आणि गुहेत शिरतो, जेथे डोक्यावर मोकळे पाणी नसते. ‘टेक्निकल डायव्हिंग’ ही संज्ञा १९९१ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल मेंडुनो यांच्या नियतकालिकातून रूढ झाली. या पाणबुड्याजवळ एकापेक्षा अधिक सिलिंडर असतात आणि त्यांत वेगवेगळी मिश्रणे असतात. खोलात नायट्रोजनने येणारी गुंगी टाळण्यासाठी तो हेलियमयुक्त मिश्रण वापरतो, तर परतीच्या थांब्यांवर कर्ज लवकर फिटावे म्हणून ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले मिश्रण वापरतो.

दोघांतील फरक कौशल्याचा किंवा प्रतिष्ठेचा नाही. खरा फरक तरलतेचा आहे. हौशी पाणबुड्या म्हणजे बचत खाते, हवे तेव्हा काढता येणारे. तांत्रिक पाणबुड्या म्हणजे मुदत ठेव; आणि येथे मुदतपूर्व मोडण्याचा दंड व्याजातून कापला जात नाही. आमच्या नौकेवरील ते दोघे चाळीस मीटरवर पस्तीस मिनिटे राहिले होते आणि जवळपास तेवढाच वेळ त्यांना वर येताना थांबायचे होते. बोया दिसत होता तेव्हा ते आमच्यापासून काही मीटर अंतरावरच होते. तरीही एखाद्या छताखाली अडकल्यासारखे होते. ते छत डोळ्यांना दिसत नव्हते, एवढेच.

मग एकत्र जायचेच कशाला?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर लगेच सुचेल : स्थिर खर्च. डिझेल, तांडेल, खलाशी, नौकेचे भाडे हे सारे माणसे दोन असोत वा नऊ, जवळजवळ तितकेच लागते. समजा, एका फेरीला १९,८०० रुपये खर्च येतो. दोनच तांत्रिक पाणबुडे असतील, तर प्रत्येकी ९,९०० रुपये पडतात. सोबत सात हौशी आले, तर प्रत्येकी २,२०० रुपये. तांत्रिक पाणबुड्यांची संख्या कमी असल्याने स्वतंत्र नौका त्यांना परवडत नाही, आणि नौकामालकालाही रिकाम्या जागा परवडत नाहीत.

तथापि, समान वाटणी ही न्याय्य वाटणी असतेच असे नाही. चार सिलिंडर बाळगणारा माणूस दोघांची जागा घेतो आणि नौकेचा वेळही अधिक घेतो. वरील उदाहरणात त्याचे दोन वाटे धरले, तर एकूण अकरा वाटे होतात. हौशी पाणबुड्याला १,८०० रुपये आणि तांत्रिकाला ३,६०० रुपये पडतात. स्वतंत्र नौकेच्या तुलनेत तांत्रिकाची बचत तरीही मोठी आहे, आणि हौशी माणसाला आपल्या थांबण्याचे मोल मिळते. कोणते सूत्र वापरायचे, हे प्रत्येक गटाने ठरवावे. ते किनाऱ्यावर ठरवावे, समुद्रात नव्हे.

काही ठिकाणी सहप्रवास ही काटकसर न राहता गरज होते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचा माथा सुमारे वीस मीटर खोलीवर आहे आणि तेथे प्रवाळांची वस्ती आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. (आमच्या व्यवसायाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही; शाखा उघडण्याचा प्रस्तावही नाही.) इतक्या दूर दोन नौका नेण्यापेक्षा एकीवर सर्वांची सोय लावणेच शहाणपणाचे. माथ्यावर हौशी पाणबुडे रमतील, तर खोल उतरत जाणाऱ्या कडा तांत्रिकांना खुणावतील. सिंधुदुर्गात निवती रॉकनजीक, २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेल्या ‘गुलदार’ या नौकेचे पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली. बुडालेल्या नौकेबाबत तर खोली तीच असूनही बुडी दोन प्रकारची असते. बाहेरून पाहणारा हौशी. आतील अंधाऱ्या दालनांत शिरणारा मात्र वेगळ्या प्रशिक्षणाचा आणि वेगळ्या साहित्याचा असावा लागतो.

क्रमाचे महत्त्व

वेळेच्या वाटणीत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्यात उतरण्याचा क्रम. आम्ही येथेच चुकलो होतो.

ज्यांची बुडी सर्वांत लांब, त्यांनी सर्वांत आधी उतरावे. समजा, तांत्रिक पाणबुडे ९ वाजता आणि हौशी ९.२० वाजता उतरले. हौशी १०.०५ ला परततील, तांत्रिक १०.१५ ला. प्रतीक्षा फक्त दहा मिनिटांची. त्यानंतर हौशी पाणबुड्यांना दुसऱ्या बुडीपूर्वी तासभर विश्रांती घ्यायचीच असते. त्या वेळात तांत्रिक मंडळी साहित्य उतरवून, आवरून बसतात आणि हौशींची दुसरी बुडी संपली की नौका परत फिरते.

हाच क्रम उलटा केला, तर काय होते पाहा. हौशी ९ वाजता उतरून ९.४५ ला वर आले आणि तांत्रिक ९.१५ ला उतरले, तर ते १०.३० पर्यंत येत नाहीत. तीच माणसे, तोच समुद्र, तेवढ्याच बुड्या. पण प्रतीक्षा पाऊण तासाची. लाटांवर डोलणाऱ्या नौकेत पाऊण तास म्हणजे काय, हे ज्याला समुद्र लागतो त्यालाच ठाऊक.

येथे आणखी एक अडचण संभवते. प्रवाह असेल, तर थांबे घेणारे तांत्रिक पाणबुडे बोयासह वाहत दूर जातात आणि नौकेला त्यांच्या मागे जावे लागते. त्याच वेळी हौशी मंडळी नांगराच्या दोरावरून वर येत असतील, तर तांडेलाने कोणाकडे पाहावे? म्हणून जेथे प्रवाह जोरात असतो, तेथे सोबत दुसरी लहान नौका असावी. ती नसेल तर दोन्ही गट एकाच वेळी पाण्यात नसावेत.

सिलिंडर आणि शिरगणती

सामायिक नौकेवर आणखी दोन गोष्टींत हयगय चालत नाही.

पहिली सिलिंडरची. दिसायला सारखे असलेले दोन सिलिंडर शेजारी उभे असतात. एकात साधी हवा, दुसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन. ऑक्सिजन जीवनदायी असला, तरी दाबाखाली तोच विषारी ठरतो. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली आणि ५० टक्क्यांचे मिश्रण सुमारे २१ मीटरच्या खाली वापरायचे नसते. मर्यादा ओलांडल्यास पूर्वसूचनेवाचून झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका येणे म्हणजे बुडणे. यासाठी प्रत्येक सिलिंडरवर मिश्रण आणि कमाल खोली ठळक लिहिलेली असावी, दोन्ही गटांचे सिलिंडर वेगवेगळ्या बाजूंना बांधावेत, आणि वापरणाऱ्याने स्वतः मिश्रण मोजून घ्यावे. आपल्याकडे एकाने केलेली नोंद दुसरा पडताळल्याखेरीज मंजूर होत नाही. तोच दंडक येथेही उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट शिरगणतीची. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यात असतानाच नौका निघून गेली. मोजणीत चूक झाली होती. दोघे बेपत्ता असल्याचे ध्यानात येण्यास दोन दिवस लागले; ते कधीच सापडले नाहीत. त्या नौकेवर तर एकाच प्रकारचे पाणबुडे होते. जेथे दोन गट वेगवेगळ्या वेळी खाली-वर करतात, तेथे चुकीची शक्यता अधिकच वाढते. म्हणून नावानिशी यादी असावी, उतरल्याची व परतल्याची वेळ लिहावी आणि प्रत्येकाने स्वतः ‘मी आलो’ असे सांगावे. रोखपाल दिवसअखेर रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद करत नाही. तांडेलाने माणसे मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

नौकेत बसण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नौकेवर दोन्ही प्रकारचे पाणबुडे आहेत काय? असल्यास प्रथम कोण उतरणार?

२. सर्वांत शेवटचा पाणबुड्या किती वाजता वर येणे अपेक्षित आहे, आणि उशीर झाल्यास काय करायचे?

३. नौकेवर कोणी आजारी पडल्यास दुसरी नौका बोलावता येईल काय? बिनतारी संदेशाची सोय आहे काय?

४. आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे काय, आणि दाबकक्षाची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते?

५. खर्चाची वाटणी कोणत्या सूत्राने?

एक सूचना परतीच्या प्रवासाविषयी. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, आणि टप्प्यांची बुडी असेल तर त्याहूनही अधिक थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. उंच घाटालाही हीच सावधगिरी लागू. सकाळी पुदुच्चेरीला बुडी मारून रात्री कोडैकानल गाठण्याचा बेत आखू नये.

शेवटी पुन्हा त्या नौकेवर

बोया दिसल्यानंतर जवळपास पस्तीस मिनिटांनी ते दोघे वर आले. तोवर तांडेलाने आमच्या सहकाऱ्याला नौकेच्या मध्यभागी, जेथे हेलकावे कमी बसतात, तेथे क्षितिजाकडे तोंड करून बसवले होते आणि घोटघोट पाणी दिले होते. नौका मात्र बोयापासून हलू दिली नव्हती. वर येताच त्या दोघांपैकी वडीलधाऱ्यांनी रुग्णाची चौकशी केली आणि म्हणाले, “तुम्ही थांबलात याबद्दल आभार. आम्हाला खालून नौकेचा तळ दिसत होता. तो दिसतो आहे, तोवर थांबे शांतपणे पूर्ण करता येतात.”

आम्ही वर बसून मिनिटे मोजत होतो आणि ते खालून नौकेचा तळ पाहत होते, हे ध्यानात आल्यावर आमच्या तक्रारीचा सूर बदलला. परतीच्या वाटेवर आमच्या सहकाऱ्यानेच, अजून फिकट चेहऱ्याने, पुढच्या वेळी त्यांना आधी उतरू देण्याचे सुचवले.

सामायिक नौकेचा सारा शिष्टाचार त्या एका सूचनेत आहे. भाडे कसेही वाटावे, जागा कशीही वाटावी. वेळ मात्र समान वाटता येत नाही. एकाच नौकेवर दोन घड्याळे चालत असतील, तर जो सर्वांत उशिरा वर येऊ शकतो, त्याच्या घड्याळाला नौकेचे घड्याळ लावावे.